तिसऱ्या रांगेतला शहीद

सोफ्यापासून सुरुवात करतो, कारण त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा अडकलो ते त्या सोफ्यात.

नागपुरात जरीपटक्याच्या पलीकडे आमच्या वस्तीचं समाजभवन आहे. तिथे लग्नं होतात, प्रवचनं होतात, निवडणुकीच्या सभा होतात आणि वर्षातून तीन-चारदा माझे गप्पांचे कार्यक्रम होतात. मंचावरचा सोफा लग्नातला. लाल मखमल, सोनेरी पाय, आणि आतल्या स्प्रिंगा इतक्या दमलेल्या की माणूस टेकला की कमरेपर्यंत आत जातो. नवरा-नवरीला त्याचं काही वाटत नाही, त्यांना उचलायला आजूबाजूला पुष्कळ हात असतात. पण दोन टोकांना ऐंशीला टेकलेली दोन माणसं आणि मधे माझ्यासारखा भरल्या अंगाचा निवेदक बसवला, की तिघेही एकमेकांकडे कलंडतात आणि तिघांपैकी कुणालाही स्वतःहून उठता येत नाही.

दिवसा मी विमा विकतो. संध्याकाळी माईक हातात आला की माझा आवाज दोन पट्ट्या खाली उतरतो आणि भुवया आपोआप वर जातात. बायको म्हणते, तुम्ही दुधाचा हिशेबसुद्धा पडदा उघडल्यासारखा सांगता. असेल. जलशात गायलेल्या, कव्वालीच्या मुकाबल्यात रात्री काढलेल्या, मोर्चात डोकं फोडून घेतलेल्या आणि कोर्टात केस पांढरे केलेल्या म्हाताऱ्यांना पकडून आणायचं, सोफ्यात बसवायचं आणि बोलतं करायचं, हा माझा खरा धंदा. ही माणसं माईकसमोर आली की जी मजा येते, ती मला दुसऱ्या कशात येत नाही.

त्या दिवशी माझ्या डाव्या हाताला वकीलसाहेब होते. गावोगावच्या जातीच्या मारहाणीची प्रकरणं त्यांनी आयुष्यभर लढवली. उजव्या हाताला बाई. बाईंचं नाव सांगायची गरज आमच्याकडे कधी पडली नाही. ‘डफड्याच्या गाण्यावाली बाई’ एवढं म्हटलं की पुरतं.

ते गाणं आमच्या वस्तीत सगळ्यांना पाठ आहे. खाप्याच्या पुढे, कन्हान नदीच्या काठी एक गाव. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या लोकांनी गावकीची कामं टाकली होती. मेलेलं ढोर ओढायचं नाही, सणाला पाटलाच्या बैलांपुढे डफडं वाजवायचं नाही. काही गावांनी ते कुरकुरत का होईना पचवलं. या गावाला ते पचलं नाही. पोळ्याच्या दिवशी तिथल्या एका विशीतल्या पोराला घरातून ओढत आणलं, गळ्यात डफडं अडकवलं आणि वाजव म्हणाले. त्याने ते गळ्यातून काढलं, जमिनीवर ठेवलं आणि नुसता उभा राहिला. मग त्याला मारलं. तोरणाखाली, सजवलेल्या बैलांच्या देखत, दिवस मावळेपर्यंत.

बाई तेव्हा तरुण होत्या. नवऱ्याची गाण्याची पार्टी होती, तो पेटी वाजवायचा, या गायच्या आणि गाणी जुळवायच्या. बातमी आली तशी त्यांनी गाणं बांधलं. ‘डफडं ठेवलं खाली रे, मान ठेवली वर.’ आणि शेवटचं कडवं:

कन्हानकाठी निजला गडी, उठवू नका कोनी,
उभं राहा रे घडीभर, डोळा आणा पानी.

गाण्यानेच सांगितलं उभं राहा, म्हणून लोक उभे राहायला लागले. तेव्हापासून आजपर्यंत हे कडवं आलं की सगळी सभा उठते, घडीभर गप्प राहते आणि मग घरी जाते. लहानपणी मी हे गाणं बापाच्या मांडीवर बसून ऐकायचो. शेवटचं कडवं आलं की बाप ताडकन उठायचा आणि मी घरंगळून सतरंजीवर. शहिदासाठी मी रडतोय असं लोकांना वाटायचं. खरं म्हणजे मला लागलेलं असायचं.

कार्यक्रम ठरल्यावर बाईंशी बोलायला मी कामठीला गेलो. बाई विणकरांच्या मागांच्या गल्लीत राहतात, दिवसभर खडखडाट. खाटेवर एक काटकुळा म्हातारा चहात टोस्ट बुडवून खात होता. टोस्टचा तुकडा कपात पडला होता आणि तो बोटाने काढायच्या खटपटीत होता.

बाई म्हणाल्या, “हा तो.”

“कोण तो?”

“गान्यातला.”

मी चहाचा घोट घेतला होता. तो नाकातून बाहेर आला.

“मेलो नाई मी,” म्हातारा टोस्ट सांभाळत म्हणाला. “सगळ्याईले हेच सांगा लागते.”

मग दोघांनी मिळून, एकमेकांना तोडत, मला सांगितलं. त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं तेव्हा तो हलत नव्हता. गावातून आलेल्या माणसांनी बाईंना सांगितलं, आटोपला. दोन दिवसांनी मोठा कार्यक्रम होता. बाईंनी शेवटचं कडवं त्या सांगण्यावर जुळवलं. तो शुद्धीवर आला तेव्हा नागपुरातल्या मोठ्या दवाखान्यात होता आणि खिडकीबाहेर, कुठल्याशा वस्तीच्या भोंग्यावर, बाई गात होत्या.

“मी नर्सबाईले इचारलं, कोन मेला? तं ते म्हने, पडून राहा, कोनी शहीद हाये.”

“मग तुम्ही गाणं बदललं का नाही?” मी बाईंना विचारलं.

“बदललं ना. एक डाव. गड्याले बरा केला, उठवून घरी पाठवला. लोक म्हने, हे काय? आमाले रडाले पायजे. अर्धे लोक उठून जाऊन रायले. मालक म्हने, पुन्हा असं केलं तं पार्टी बुडन.” मालक म्हणजे त्यांचा नवरा. “मंग मारला पुन्हा याले.”

“दर खेपेले मारलं,” म्हातारा आनंदाने म्हणाला.

खटला संपल्यावर गावात राहणं शक्य नव्हतं, म्हणून तो कामठीत मागावर कामाला आला. त्याच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की हा तोच. गल्लीच्या बाहेर कुणालाच ते नको होतं. नागपुरात एका वस्तीत त्याच्या नावाचं वाचनालय आहे. तिथे तो कधीमधी पेपर वाचायला जातो. भिंतीवर त्याची हार घातलेली तसबीर आहे, झुपकेदार मिशांची. “मिशा मी ठेवल्याच नाई कधी,” तो म्हणाला. “पन सगळे पाया पडतात तं मीबी पडतो. नाई पडलं तं बरं नाई दिसत.” बाईंच्या कार्यक्रमालाही तो जायचा. शेवटचं कडवं आलं की सगळ्यांबरोबर उठायचा आणि स्वतःसाठी घडीभर गप्प उभा राहायचा.

मला हसू आवरेना. मी मांडीवर थापा मारल्या. एवढ्या वर्षांत असा ऐवज माझ्या हाती लागला नव्हता. मग त्याने कप खाली ठेवला.

“माही नात शाळेत हे गानं म्हनली,” तो म्हणाला. “नंबर आला तिचा. तिनं सांगतलं, हा माहा आबा हाये. तं सगळा वर्ग हासला. मास्तरीनबाई म्हने, शहिदाच्या नावावर खोटं नाई बोलाव. पोरगी घरी आली अन् मले इचारते, आबा, तू खरा हायेस का?”

बाई मागांचा खडखडाट ऐकत होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

“मी बाईले म्हनलं, मले मराच्या आधी एक डाव जित्ता कर वं. दुसरं काई नोको.”

बाईंनी ठरवलं होतं. समाजभवनात, माझ्या कार्यक्रमात, त्या गाणं म्हणतील पण शेवटचं कडवं म्हणणार नाहीत. लोक विचारतील काहून, मग तो उभा राहील. मी खूश होऊन परत निघालो. शेअर ऑटोत आठ माणसांच्या मधे चेपलो होतो, तरी डोक्यात माझी घोषणा तयार होत होती, कुठे थांबायचं आणि कुठे आवाज चढवायचा तेसुद्धा.

घोषणेतली हवा समाजभवनाच्या समितीच्या सचिवांनी काढली. कार्यक्रमाच्या आधी त्यांनी मला भटारखान्याच्या दाराशी गाठलं. आत मसालेभाताचं पातेलं होतं.

“भाऊ, गानं शेवटी. अध्यक्षाचं भाषन, पाहुन्याचं, अन् माहं, सगळं आधी. गानं झालं की हे लोक इकडं पळतात.” त्यांनी पातेल्याकडे हात केला.

“आणि समजा बाईंनी शेवटचं कडवं नाही म्हटलं तर?”

“मजाक करून रायले का? कडवं झाल्याबिगर कोनी उठत नाई. हॉल कसा खाली करू? उद्या सकाळी इथं लगन हाये.”

सचिव वाईट माणूस नाही. सभागृह त्यांनी वर्गणीसाठी घरोघर फिरून उभं केलं आहे. पण त्यांच्या या एका वाक्यात मला सगळी रचना दिसली. भाषणं त्या कडव्याला बांधलेली होती, जेवण भाषणांना, माणसं जेवणाला, आणि बाई सगळ्यांच्या मुळाशी. त्या गाण्याशिवाय आमच्याकडे सभा कशी संपवायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं आणि हो म्हणालो. तिकडे बाईंना हो म्हटलं होतं, इकडे यांना हो म्हटलं, आणि जाऊन सोफ्यात बसलो. म्हणजे बुडालो.

म्हातारा तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर होता. पांढरा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. लग्नाला आल्यासारखा.

गप्पा फार रंगल्या, हे कबूल केलंच पाहिजे. पश्चिम नागपुरात, वरच्या जातीवाल्यांच्या एका बड्या सभागृहात बाईंना पहिल्यांदा बोलावलं, शाल दिली, हार घातला, तेव्हाची गोष्ट मी त्यांना विचारली.

“शाल चांगली होती,” बाई म्हणाल्या. “मंग आतमधी चहा आला. त्याईच्या कपाले दांडी होती, माह्या कपाले नाई. कागदाचा कप. मी म्हनलं, मलेबी दांडीवाला द्या, माह्या बोटाले सवय हाये. ते म्हने, संपले. मी म्हनलं, मंग थांबते. कोनाचा तरी पिऊन होईन.”

“थांबलात?”

“थांबली ना. सगळे कप खाली ठेवेनात. तासभर रिकामे कप धरून बसले बिचारे!”

लोक टाळ्या वाजवून हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. ते बाईंवर कधीच हसत नाहीत, भांडतात.

“यांना कप तरी मिळाला,” ते म्हणाले. “माझं काय झालं विचारा. मी कोर्टात फिर्यादीला उभं केलं आणि बाहेर ह्या त्याला पुरून आल्या.”

“वकीलसायेब, सुरू झाले का तुमी!”

“सुरू काय? समोरचा वकील उठला आणि माझ्या साक्षीदाराला भर कोर्टात विचारतो, तुम्ही मयत आहात हे खरं आहे का? सगळं कोर्ट हसलं. ज्याची हाडं मोडली, तो पिंजऱ्यात उभा राहून सांगतोय, नाही साहेब, मी जिवंत आहे. शिक्षा झाली, पण थोडकी. कोर्टाला जिवंत माणूस लागतो, सभेला मेलेला. दोन्हीकडे एकच माणूस पुरवायचा म्हटलं की असं होतं.”

हे माझ्या ठरलेल्या प्रश्नांच्या आधीच बाहेर आलं होतं. आता गुपित फुटलं, असं मला वाटलं. पण सभागृह पुन्हा हसलं, टाळ्यासुद्धा पडल्या. वकीलसाहेब कुठल्यातरी वेगळ्या खटल्याबद्दल बोलताहेत, असंच सगळ्यांनी धरलं. माणसाला जे ऐकायचं नसतं ते त्याच्या कानाशी येऊन परत जातं, हे मी त्या सोफ्यातून प्रत्यक्ष पाहिलं. तिसऱ्या रांगेत म्हाताऱ्याच्या शेजारचा गृहस्थ तर हसताना त्याच्याच मांडीवर हात मारत होता.

“बाई, एवढं नाव झालं तुमचं,” मी विषय वळवला. “कसं वाटतं?”

“नाव कोनाचं झालं? गान्याचं झालं. मी शंभर गानी जुळवली असतीन. आजारात म्हनलेली हायेत, नवरा गेला तवाची हायेत. एकाले येत नाई. रस्त्यानं लोक मले पायतात अन् मनातल्या मनात उभे रायतात. मी भाजी घ्याले गेली तरी!”

मग भाषणं झाली. अध्यक्ष बोलले, पाहुणे बोलले, सचिव सर्वांत जास्त बोलले. कुणी हललं नाही, कारण गाणं व्हायचं होतं. मसालेभाताचा वास खुर्च्यांमधून फिरत होता. सोफ्यात माझा डावा पाय बधिर झाला होता, वकीलसाहेबांचं कोपर माझ्या बरगडीत होतं आणि उजवीकडे बाई घसा साफ करत होत्या.

बाईंनी गाणं सुरू केलं. आवाज फाटला आहे आता, पण शब्द कुठे टाकायचा ते त्या आवाजाला अजून कळतं. ‘डफडं ठेवलं खाली रे’ म्हटल्याबरोबर सगळ्या सभागृहाने ‘मान ठेवली वर’ उचललं. पोट्ट्यांनी मोबाइल वर धरले. एकेक कडवं सरकत गेलं. बैल आले, तोरण आलं, काठ्या आल्या. आणि शेवटच्या कडव्याच्या आधी जी ढोलकीची फिरत येते ती आली, आणि खुर्च्या एकदम खरडल्या. सगळे उठले. पुढची रांग, मागची रांग, भटारखान्याच्या दारातला आचारीसुद्धा झारा हातात घेऊन ताठ झाला.

बाई थांबल्या. ढोलकीवाल्याने पुन्हा फिरत घेतली. बाई गप्प.

तिसऱ्या रांगेत, उभ्या माणसांच्या मधे, एक खाच दिसत होती. तिथे म्हातारा बसून होता.

त्याच्या मागच्या रांगेतली एक ठसठशीत बाई वाकून त्याच्या खांद्याला हात लावत म्हणाली, “ओ बाबा, उठा ना! शहिदाले मान देत नाई का?”

“नाई उठत मी.”

“काहून? पाय दुखतात का? धरू का?”

“पाय बरे हायेत. मीच हावो तो.”

“कोन?”

“ज्याच्यासाठी तुमी उभ्या हाये तो.”

ती सरळ झाली आणि शेजारणीला म्हणाली, “बह्याड झाला वं म्हातारा.”

आता सगळ्या माना तिकडे वळल्या. बाईंनी माईक तोंडाशी नेला. “खरं सांगून रायला तो. हाच हाये. जित्ता हाये. तो मेला नाई म्हून मी कडवं म्हनत नाई.”

या क्षणासाठी मी घोषणा तयार केली होती. सभागृह हेलावेल, टाळ्या पडतील, असं मी स्वतःला सांगितलं होतं. सभागृह हेलावलं नाही. ते थिजलं, आणि मग त्यातून एक घरघर यायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, “शहिदाचा अपमान नाई सहन करनार!” दुसरा म्हणाला, “माह्या बापानं जल्मभर याच्यासाठी उभं राहून पानी काढलं डोळ्यातून, ते काय खोटं?” सचिव मंचाच्या कडेला येऊन मला दोन्ही हातांनी खुणा करत होते, आवरा, काहीतरी बोला. मी उठायला गेलो. सोफ्याने मला परत ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात माईक होता आणि माझ्याकडे वाक्य नव्हतं.

वकीलसाहेबांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला. त्यांनाही उठता येईना. बसूनच, सोफ्याच्या खड्ड्यातून ते म्हणाले, “मी त्याचा वकील. खटला मी चालवला. हा तोच माणूस आहे.”

“तुमी कधीचे म्हनू शकत होते!” मागून कुणीतरी ओरडलं.

“कधीपासून म्हणतोय. आत्ताही म्हणालो, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या.”

एक दांडगा पोट्टा खुर्च्या बाजूला सारत तिसऱ्या रांगेशी आला. त्याच्या टी-शर्टावर छातीवर तीच तसबीर छापलेली होती, झुपकेदार मिशांची. तो म्हाताऱ्यासमोर उभा राहिला. उद्धट नव्हता. रडवेला झाला होता.

“बाबा, तुमी तोच असान तं पाठ दाखवा. वळ असतीन. काढा शर्ट, पाहू द्या सगळ्याईले. मंग मी तुमचे पाय धरतो.”

“हो, दाखवा, दाखवा!” सभागृह म्हणालं. सुटका दिसल्यावर माणसं जशी घाई करतात तशी. मलाही, खरं सांगतो, तेच वाटलं. काढ शर्ट, दाखव, संपव. नातीचंही काम होईल.

म्हाताऱ्याचा हात गळ्याच्या बटणाकडे गेला. तिथे थोडा वेळ राहिला. मग त्याने तो हात खाली आणला आणि मांडीवर ठेवला.

“नाई दाखवत,” तो म्हणाला.

“काहून?”

“वाजव म्हनलं तं वाजवलं नाई. आता दाखव म्हनता तं दाखवू का?”

आवाज मोठा नव्हता. माईक नव्हता त्याच्याजवळ. पण ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. सगळे उभे होते आणि कुणालाही काय करावं कळत नव्हतं. कडवं झालं नव्हतं, म्हणून जाता येत नव्हतं. शहीद समोर बसला होता, म्हणून उभं राहणं विचित्र वाटत होतं. टी-शर्टवाला पोट्टा म्हाताऱ्याच्या मांडीवरच्या हाताकडे पाहत होता. ढोलकीवाला ढोलकीकडे. भटारखान्यात पातेल्यावरचं झाकण थडथडत होतं.

पहिल्यांदा बसली ती मागच्या रांगेतली ठसठशीत बाई. धपकन. मग तिने शेजारणीचा पदर ओढला. “बस वं. तो बसला हाये तं आपन काहून उभ्या?” शेजारीण बसली. त्यांच्या पुढचा गृहस्थ बसला. खुर्च्यांचा तो खरडण्याचा आवाज आता उलट्या दिशेने, तिसऱ्या रांगेपासून मागे आणि पुढे सरकत गेला. सगळे बसले असं मी म्हणणार नाही. मागची एक तुकडी उभीच राहिली, हाताची घडी घालून, आणि त्यांच्यातले काही नंतर जेवलेही नाहीत. पण टी-शर्टवाला पोट्टा बसला, खुर्ची नव्हती म्हणून खाली फरशीवर, म्हाताऱ्याच्या चपलांजवळ.

बाई हसत होत्या. ऐंशीच्या घरातली बाई एखाद्या पोरीने पाटी फोडल्यावर हसावं तशी हसत होती. त्यांनी ढोलकीवाल्याकडे बोट केलं. त्याने बिचकत फिरत घेतली. आणि बाईंनी तिथल्या तिथे, कपाळाला आठ्या घालून, शब्द शोधत शोधत जुळवलं:

कन्हानकाठी उठला गडी, पाहून घ्या रे कोनी,
बसा त्याच्या बाजूले अन् पाजा त्याले पानी.

चाल एका जागी अडखळली. शब्द ताजे होते, अजून घासले गेले नव्हते. ठसठशीत बाईने आपली पाण्याची बाटली पुढे केली. म्हाताऱ्याने ती घेतली, तोंड लावून प्यायला आणि परत दिली. ती त्याच बाटलीतून प्यायली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्यांची जागाच नव्हती ती.

तरी कुणी हलेना. नवं कडवं म्हणजे सभा संपली का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे सचिवांकडे पाहत होते, सचिव माझ्याकडे, आणि मी सोफ्यात. शेवटी म्हाताराच म्हणाला, “भूक लागली गा. जेवाले देता का नाई?” तेव्हा सगळे उठले. आम्हा तिघांना मात्र चार जणांनी हाताला धरून ओढून काढलं.

जेवताना वकीलसाहेब म्हाताऱ्याच्या शेजारी बसून त्याच्या पत्रावळीत स्वतःचं लोणचं वाढत होते आणि उद्याच नातीच्या शाळेत जाऊ म्हणत होते. “कोट घालून येतो,” ते म्हणाले. “मास्तरणीची उलटतपासणी करायला नाही. नुसतं शेजारी उभं राहायला.”

बाईंना आणि म्हाताऱ्याला कामठीला सोडायची जबाबदारी माझी. शेअर ऑटो मिळाली. मी मधे, बाई एका कडेला, म्हातारा दुसऱ्या कडेला, समोर दोन अनोळखी माणसं आणि पायाशी कुणाचं तरी गव्हाचं पोतं. गुडघे एकमेकांत अडकलेले. ऑटोवाल्याने मोबाइल स्पीकरला जोडला आणि आवाज वाढवला. फाटायच्या आधीचा, तरुण, धारदार आवाज. ‘डफडं ठेवलं खाली रे.’

बाईंनी कपाळावर हात मारला.

आम्ही ऐकत राहिलो. दुसरं करणार काय? बैल आले, तोरण आलं, काठ्या आल्या. आजच्या संध्याकाळची बातमी त्या स्पीकरपर्यंत पोचली नव्हती आणि बाईंचा तो जुना आवाज कुणाच्याही सांगण्याने थांबणार नव्हता. ढोलकीची फिरत आली. ‘कन्हानकाठी निजला गडी.’ समोरच्या दोघांनी ऑटोत उभं राहता येत नाही म्हणून माना खाली घातल्या. सवयीने माझीही मान खाली गेली. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी ती पटकन वर केली.

“शहीद होता बरं का तो,” ऑटोवाला मागे वळून, रस्ता सोडून, अभिमानाने म्हणाला. “आपल्या इकडचाच.” आणि समोरून ट्रक येत असताना वळण घेतलं. ऑटो डुलली, पोतं माझ्या पायावर कलंडलं, म्हातारा दांडीला लोंबकळला.

बाईंनी हात लांब करून ऑटोवाल्याच्या पाठीत एक जोरात ठोसा दिला.

“हळू चालव गा! हाच बसला हाये मागं तुह्या. याले आमी एक डाव मारलं, आता तू नोको मारू.”

ऑटोवाल्याने वेग कमी केला. आरशात पाहिलं. मग आरसा थोडा वळवला आणि पुन्हा पाहिलं.